यादीत नसलेली वाडी: दरडीचा धोका गावानं स्वतः कसा जोखायचा?

पागोळी
पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचा आपत्ती आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. 42 उंबरे, माणसं 180 च्या घरात. मागे डोंगर, पुढे खाचरं, मधून एक पऱ्या (डोंगरातला ओढा) आणि बाहेर पडायला एकच साकव (छोटा पूल). दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नाही. त्यामुळे निम्म्या लोकांचं म्हणणं, "यादीत नाही ना, मग कशाला खर्च?" उरलेले निम्मे पाऊस जोरात आला की रात्रभर जागे.

तीन गोष्टी हव्या आहेत. यादीत नाही म्हणजे नेमकं काय समजायचं? वाडीतली माणसं स्वतः काय तपासू शकतात? आणि कोणत्या क्षणी घर सोडायचं हे कसं ठरवायचं? जूनच्या आत होईल आणि ग्रामपंचायतीला झेपेल एवढंच सांगा. "निसर्गाशी खेळू नका" याच्याशी सहमत आहे, पण ते ठरावात लिहून पावसाळा निघत नाही.

दवंडी
पहिला सल्ला: शेजारच्या गावाचा आराखडा नाव बदलून छापू नका. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावाच्या आराखड्यात त्सुनामीचं अख्खं पान सापडतं ते असंच.

मुरूम
यादीबद्दल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर जे दरड-संवेदनशीलतेचे नकाशे केले ते 1:50,000 प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावर 1 सेंमी म्हणजे जमिनीवर 500 मीटर. तुमची 42 घरांची वाडी त्या नकाशात तीन-चार मिलिमीटरांत बसते. हा नकाशा तालुक्याचं नियोजन करायला उत्तम आहे. पाटलाच्या घरामागचा उतार चालेल की नाही, हे त्यातून कळत नाही, आणि तो त्यासाठी केलेलाही नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ती दरडप्रवण यादीत नव्हती, हे त्याच आठवड्यात सरकारनेच सांगितलं. तेव्हा नाव यादीत असेल तर सावध व्हा. नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की अजून कोणी जवळून पाहिलेलं नाही.

जवळून काय पाहायचं? मातीची जाडी. आपल्याकडे डोंगर बसाल्टचा, त्याच्यावर झिजलेला मुरूम, माती आणि वरून घरंगळलेले धोंडे. घसरतो तो हा वरचा ढीग, खालचा काळा पत्थर क्वचितच. ढीग किती जाड आहे हे कळायला बोअर मारावी लागत नाही. विहिरीची कड, पऱ्याचे उभे काठ, रस्त्यासाठी तासलेला उतार आणि नव्या घराचे पाये, या चार ठिकाणी खडक किती खाली लागला ते टेपने मोजा आणि गावाच्या हाती काढलेल्या नकाशावर लिहा. उतार 25 ते 45 अंशांचा आणि माती दोन-तीन मीटरच्या वर असेल, तर ती जागा लाल शाईत. 45 च्या वर बहुधा उघडा कडाच असतो. तिथे धोका वेगळा, सुटे दगड कोसळण्याचा.

आणखी एक. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या गेरूसारखा मऊ पट्टा असतो. पाणी त्यातून खाली जात नाही, त्याच्यावरून आडवं चालतं. डोंगरात एकाच उंचीवर झऱ्यांची रांग दिसली तर तो पट्टा तिथे आहे. झऱ्यांच्या रांगेवर जाड माती बसलेली असेल, तर पावसात ती खालून भिजते. वरून कोरडी वाटली तरी.

झिम्माड
उतार किती अंशाचा हे गावात कोण मोजणार? प्रांतसाहेब?

मुरूम
मोबाईलमध्ये कोन मोजायची सोय असते. सरळ फळी उतारावर ठेवायची, तिच्यावर मोबाईल आडवा. मोबाईल थेट मातीवर ठेवलात तर खड्ड्याचा कोन मिळेल. पाच-सहा ठिकाणी मोजून मधला आकडा धरा.

त्याच सोयीने दुसरी मोजणीही करा. घराच्या अंगणातून वर, मातीच्या उताराच्या माथ्याकडे नजर लावा. तो कोन 20 अंशांच्या वर असेल (म्हणजे दर 100 मीटर आडव्या अंतराला साधारण 36 मीटर उंची) तर घर दरडीच्या पल्ल्यात आहे असं धरून चाला. ही कच्ची मोजपट्टी आहे. पऱ्यातून येणारा चिखल-दगडांचा लोंढा याहून कितीतरी सपाट जागेपर्यंत जातो.

घाटमाथा
या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारा. "आम्ही डोंगरापासून लांब आहोत" म्हणणारी घरं बरेचदा पऱ्याच्या तोंडाशी असतात. 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरड सुटली डोंगरमाथ्याजवळच्या जंगलात, आणि नदीच्या पात्रातून मलबा सुमारे 8 किलोमीटर खाली गेला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं कड्याखाली नव्हती, पाण्याच्या वाटेवर होती.

वाडीत पाहायची खूण: पऱ्या डोंगरातून मोकळ्यावर येतो तिथे पंख्यासारखी पसरलेली, मोठ्या गोल धोंड्यांनी भरलेली जमीन आहे का? घरं त्यावर असतील तर ती आधीच्या लोंढ्याने आणून टाकलेल्या मलब्यावर उभी आहेत. जमीन सपाट आणि पाणी जवळ, म्हणून वस्ती तिथेच होते.

खाचर
वायनाडची तारीख बघा. माळीण 30 जुलै 2014. बरोबर दहा वर्षं. बाकी आपल्याकडचं दरडींचं पंचांगही बोलकं आहे: जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन 2005 च्या जुलैअखेर, तळिये, आंबेघर, मिरगाव 2021 च्या 22 जुलैच्या आगेमागे, इर्शाळवाडी 19 जुलै.

मुरूम
योगायोग तारखेचा, महिन्याचा नाही. जूनचा पाऊस माती भरण्यात जातो. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात ती तुडुंब असते, मग एक मोठी सर पुरते. म्हणून जूनमध्ये 250 मिमीचा दिवस निभावून नेलेली वाडी जुलैमध्ये तेवढ्याच पावसात जाऊ शकते. "मागच्या महिन्यात एवढा पडला तेव्हा काय झालं?" या वाक्याला काही अर्थ नाही.

कातळसडा
मुरूम यांच्या पहिल्या प्रतिसादात भर. वाडीतून वर बघून भागत नाही, माथ्यावर चढून खाली बघा. मे महिन्यात एकदा, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्यांदा. शोधायच्या त्या भेगा. पण प्रत्येक भेग दरडीची नसते, आणि इथेच घोळ होतो.

उन्हाने तडकलेली जमीन: भेगा जाळीसारख्या, चहू दिशांना, दोन्ही कडा एका पातळीत, आणि पावसात बुजतात.
सरकणारी जमीन: भेग उताराला आडवी, बहुतेकदा चंद्रकोरीसारखी वाकलेली, दरीकडची कड दोन बोटं तरी खाली बसलेली, आणि पाऊस वाढला की बुजण्याऐवजी रुंदावते.

दुसऱ्या प्रकारची सापडली तर बुजवायच्या आधी खुंट्या ठोका. 12 मिमीची सळई, 75 सेंमीचे तुकडे, भेगेच्या दोन्ही बाजूंना काठापासून अर्धा मीटर सोडून. काठाजवळ ठोकलीत तर काठ ढासळून सळई कलते आणि भेग न वाढताच आकडा वाढतो. सळईच्या डोक्यावर छिन्नीने खूण करा, खुणेपासून खुणेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. कापडी टेप ओली झाली की ताणली जाते, ती नको. तिसरी सळई एका अंगाला ठोकून त्रिकोण केलात तर जमीन कुठल्या दिशेने चाललीय तेही कळतं. सळयांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण करा, नाहीतर म्हशी पाठ घासतात आणि आराखडा त्यांच्या हाती जातो.

पावसाळ्यात रोज एकाच वेळी मोजा. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती किती वेगाने वाढतेय ते महत्त्वाचं. चार दिवस 1-1 मिमी आणि पाचव्या दिवशी 6 मिमी, तर सहाव्या दिवसाची वाट पाहू नका.

साकव
आणि भेग बुजवायची कशाने? बहुतेक ठिकाणी दगड-मुरूम टाकतात.

कातळसडा
ते सगळ्यात वाईट. मुरमाने भरलेली भेग म्हणजे पाण्याला पोटात जायला गाळणी बसवलेली वाट. चिकण माती घ्या, हाताला चिकटेल एवढीच ओली, 15 सेंमीचे थर देत धुमसाने चोपा. वर कासवाच्या पाठीसारखा उंचवटा ठेवा आणि शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद दोन्ही बाजूंना मीटरभर येईल असा पसरून कडा मातीत गाडा. भेगेच्या वरच्या अंगाला 4-5 मीटरवर चर काढून वरचं पाणी बाजूला न्या. चराला 100 मीटरला 1 ते 2 मीटर उतार द्या आणि त्याच्या तळालाही तोच कागद अंथरा. पाणी सोडायचं ते कातळाच्या नाल्यात. शेजारच्या खाचरात सोडलंत तर पुढची ग्रामसभा पोलीस ठाण्यात भरेल.

एवढं करून दरड थांबत नाही. पाणी आत जायचं कमी होतं आणि वेळ मिळतो.

शिवार
चर काढायचाच तर सलग समतल चर काढा ना, पाणीही मुरेल. पाणलोटाची कामं इतकी वर्षं चालू आहेत, त्यांनी डोंगर हिरवे झालेत. प्रत्येक दरडीनंतर चरांना शिव्या घालायची फॅशन आहे.

घाटमाथा
शिवारसाहेब, शिव्या चरांना नाहीत, जागेला आहेत. समतल चराचं काम पाणी अडवून जिरवणं. वर 30-35 अंशांचा जाड मातीचा उतार आणि बरोबर खाली घरं, तिथे पाणी जिरवणं म्हणजे ज्या मातीला हलकं ठेवायचंय तिलाच पाजणं. वस्तीच्या वरच्या अंगाला चर हवा तो पाणी वाहून नेणारा, उतार दिलेला. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) कमी पावसाच्या माळावर जे अमृत आहे ते वर्षाला तीन-साडेतीन हजार मिमी पडणाऱ्या घाटात नाही.

शिवार
कमी उताराच्या, उथळ मातीच्या जागी कोकणातही समतल चर ठीक आहेत. वस्तीच्या थेट वर नकोत, हे मान्य. पण मग यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचंही बोला. माळीणनंतर त्यावर बरीच चर्चा झाली. जेसीबीने उतार आत कापून पुढे भराव टाकायचा आणि भरावाला गडगा नाही, पाणी काढायला वाट नाही, त्यात भात लावून वर पाणी उभं करायचं. हाताने रचलेल्या जुन्या दळ्यांना (उतारावरच्या पायरीशेतांना) दगडी बांध आणि सांडव्याची जागा असायची.

घाटमाथा
इथे शंभर टक्के सहमत. आणि रस्त्यांचंही तेच. उताराचा पायथा कापून रस्ता, निघालेली माती दरीच्या बाजूला ढकललेली, आणि मोरीला (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेला) 600 मिमीचा पाईप. तो पहिल्या फांदीला तुंबतो, पाणी रस्त्यावर चढतं आणि भराव पोटातून खाऊन खालच्या घरांवर उतरतं. डोंगरातल्या मोरीला 900 मिमीपेक्षा लहान पाईप मान्यच करू नका, आणि वरच्या तोंडाशी गाळ-फांद्या अडवायला खड्डा ठेवा. असलेल्या मोऱ्या मेअखेर एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा साफ. हे काम फुकट होतं, दोन फावडी आणि चार माणसं लागतात.

रानफूल
झाडं लावा हा उपाय कोणीच कसा सांगितला नाही?

मुरूम
लावा. पण त्याने यंदाचा जुलै निघणार नाही. मुळं वरचा मीटर-दोन मीटर माती धरतात, जमीन चार मीटरवर सुटली तर झाडांसकट येते. वायनाडची दरड जंगलातच सुटली होती, वर आलंय ते. कापलेल्या काठांसाठी वाळा चांगला: जूनच्या पहिल्या पावसावर, 10-15 सेंमी अंतराने ठोंब, समतल रांगेत. रांग तुटली की तिथूनच पाणी फुटतं, म्हणून वाळलेले ठोंब ऑगस्टमध्ये बदलायचे.

उतारा_सात_बारा
घरामागे संरक्षक भिंत हा प्रत्येक सदस्याचा आवडता विषय, त्यावर कोणी लिहिणार का?

मुरूम
थोडक्यात. घरामागचा दोन-तीन मीटरचा कापलेला काठ भिंत धरते. अख्खा डोंगर धरत नाही. भिंती पडतात त्या मातीच्या वजनाने कमी आणि मागे साठलेल्या पाण्याने जास्त. म्हणून भिंतीत 75 ते 100 मिमीचे पाईप मीटर-दीड मीटरवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, आणि भिंतीमागे किमान 30 सेंमी खडीचा थर. खडी नसेल तर दोन पावसाळ्यांत पाईप मातीने बुजतात. बिलात पाईप असतात, खडी नसते. भिंतीच्या कामावर नजर ठेवायला जायचं असेल तर भिंत वर आल्यावर जाऊ नका, मागे भरायच्या दिवशी जा.

पागोळी
फार उपयोगी. आता तिसरा प्रश्न: बाहेर कधी पडायचं? हवामान खात्याचा रेड अलर्ट जिल्ह्याला असतो. जुलैमध्ये तो वरचेवर येतो. दर वेळी 180 माणसं हलवता येणार नाहीत.

साकव
आकडा ठरवा. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिमीच्या वर जोरदार, 115.6 च्या वर अति जोरदार, 204.5 च्या वर अत्यंत जोरदार. 200 मिमी झाले की बाहेर. सोपं.

घाटमाथा
सोपं आहे, पण घाटात टिकणार नाही. पोलादपूर-महाबळेश्वर पट्ट्यात 200 मिमीचा दिवस पावसाळ्यात अनेकदा येतो. तीनदा हलवलंत आणि काही झालं नाही, की चौथ्यांदा कोणी उठणार नाही. जुलै 2021 च्या त्या पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पडला. दोन आकड्यांतला फरक ज्यात दिसेल असा निकष हवा.

असं करा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी आहेत. तुमच्या मंडळाच्या दहा वर्षांच्या जून ते सप्टेंबरच्या नोंदी वहीत उतरवा. दोन रकाने: एका दिवसाचा पाऊस आणि सलग तीन दिवसांची बेरीज. जो आकडा वर्षातून दोन-तीनदा येतो तो "तयारी"चा. जो तीन-चार वर्षांतून एकदा येतो तो "घर सोडा"चा. दोन्ही रकान्यांतला कुठलाही एक ओलांडला तरी पुरे. आकडा तुमच्या मंडळाचा असेल, कोणाकडून उसना घेऊ नका.

कातळसडा
आणि मंडळाचं यंत्र बसलेलं असतं खाली सपाटीला, वाडी असते वर डोंगरात. दोन्हीकडचा पाऊस एकाच दिवशी दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो. म्हणून वाडीत स्वतःचा पर्जन्यमापक हवाच. वायनाडमध्ये एका स्थानिक संस्थेचं असं जाळं आहे, आणि 2024 ला दरडीच्या आधी त्याच नोंदींवरून प्रशासनाला इशारा गेला होता.

साहित्य: 110 मिमीचा पीव्हीसी पाईप 60 सेंमी, एक एंड कॅप, सॉल्व्हंट सिमेंट, एक स्टीलची पट्टी. खालचं तोंड कॅप लावून बंद करा, 24 तास पाणी भरून गळती बघा. सरळ भांड्यात साठलेल्या पाण्याची उंची मिमीमध्ये म्हणजेच पाऊस, हिशेब काही नाही. चुका होतात त्या अशा:

पाईपचं फुगीर टोक (ज्यात दुसरा पाईप बसतो ते) वर ठेवलंत तर तोंड रुंद आणि पोट अरुंद, पाऊस दहा-बारा टक्के जास्त दिसतो. कापलेलं टोक वर, तेही काटकोनात कापलेलं. तोंड पाणसळ्यात (समपातळीत) हवं. जमिनीवर ठेवलंत तर शिंतोडे आत जातात, म्हणून खांबाला बांधा, तोंड जमिनीपासून मीटरभर वर. झाड किंवा छप्पर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. पागोळीखाली तर नकोच (धागाकर्त्यांनी हलकेच घ्यावे).

रोज सकाळी साडेआठला मोजून ओता, हवामान खात्याची वेळ तीच. जोरदार पावसात दर तीन तासांनी मोजा, पण ओतू नका, वाढ लिहा. तासाला 30-40 मिमीचा जोर दोन-तीन तास टिकला तर दिवसाच्या बेरजेची वाट बघायची नाही.

झिम्माड
दोन-अडीचशे मिमी म्हणजे किती, हे वाडीत समजावणार कसं?

कातळसडा
1 मिमी म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. 200 मिमी म्हणजे एका एकरावर आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे 80 टँकर एका एकरावर उलटे केले असं सांगा, कळतं.

खाचर
आकडे ठीक, पण काही खुणा दिसल्या तर आकडा शून्य असला तरी निघायचं, हे ठरावात स्वतंत्र लिहा. नेहमीचा झरा एकदम गढूळ येणं किंवा आटणं. जिथे कधी नव्हता तिथे उमाळा फुटणं. दार-खिडक्या अचानक घट्ट बसणं, भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाणं. विजेचे खांब, झाडं कलणं. डोंगरातून घरघर. आणि सगळ्यात फसवी खूण: धो धो पाऊस चालू असताना पऱ्याचं पाणी कमी होणं. लोक म्हणतात "ओसरला". तो ओसरलेला नसतो, वर मलब्याने अडलेला असतो. बांध फुटला की सगळं एकदम येतं. त्या क्षणी पऱ्याच्या काठाने पळायचं नाही, आडवं पळायचं, उंचावर.

साकव
माझा 200 चा आकडा मागे घेतो, घाटमाथा यांची पद्धत बरी. पण वेळेचं काय? इर्शाळवाडी रात्री गेली. वर रस्ता नव्हता, बचाव पथकं चढून गेली, यंत्रं नेता आली नाहीत आणि खराब हवेत हेलिकॉप्टर उडालं नाही. माळीण सकाळची.

घाटमाथा
निर्णयाची वेळ दुपारी 4. त्या वेळेपर्यंतची तीन दिवसांची बेरीज "घर सोडा"च्या जवळ असेल आणि संध्याकाळच्या अंदाजात पाऊस असेल, तर उजेडात हलायचं. रात्री 11 ला साकवावर कंबरभर पाण्यात म्हाताऱ्यांना नेणं हा स्वतंत्र अपघात आहे. तुमच्या वाडीला एकच साकव, म्हणजे खरं तर साकवाची पातळी हाच पहिला निकष. खांबावर लाल पट्टा मारा, तळाच्या तुळईखाली अर्धा मीटर. पाणी पट्ट्याला लागलं की पलीकडे जायचं ते आत्ताच, नाहीतर नाहीच. आणि "नाहीच" झालं तर वाडीच्या बाजूलाच, पऱ्यापासून आणि जाड मातीपासून लांब, कातळावरची एखादी जागा ठरलेली हवी. ताडपत्री, दोर, बॅटऱ्या मेमध्येच तिथे पोचवा.

उतारा_सात_बारा
निवाऱ्याचा हिशेब कोणी करत नाही. "शाळेत हलवणार" असं एका ओळीत लिहितात. शाळेची खोली 6 × 8 मीटर म्हणजे 48 चौरस मीटर. आंतरराष्ट्रीय मानकाने माणशी साडेतीन चौरस मीटर धरलं तर 13 माणसं. एका रात्रीपुरती दाटीवाटीने 25. तुमच्या 180 जणांना आठ खोल्या लागतील, आहेत किती? पिण्याला माणशी 3 लिटर म्हणजे दिवसाला 540 लिटर, हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. संडास दोनच असतील तर बायका पहाटे अंधारात घरी परत निघतात, हा नेहमीचा प्रकार. आणि शाळा स्वतः कुठे आहे ते मुरूम यांच्या मोजपट्टीने आधी तपासा. गावठाणात जागा नाही म्हणून शाळा डोंगर कापून बांधलेली असते.

रानफूल
गुरांचं? माणूस येईल बाहेर, पण दावणीची म्हैस सोडून येणार नाही.

खाचर
खरं आहे, माणसं परत जातात ती गुरांसाठी. "तयारी"चा आकडा आला की गुरं आधी हलवायची, माणसं नंतर. ते नाही जमलं तर दाव्याला सुटी गाठ मारायची, एका हिसक्यात निघेल अशी, आणि गोठ्याच्या दाराला कोयता टांगलेला. मोकळं जनावर स्वतः वाट काढतं.

दवंडी
निरोप देण्याबद्दल: वीज गेली की काही तासांत मोबाईलचा टॉवर मान टाकतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर आराखडा उभा करू नका. हाताने फिरवायचा भोंगा घ्या, एक देवळात, एक वाडीच्या वरच्या टोकाला. दोनच खुणा ठरवा: थांबून थांबून म्हणजे तयारी, अखंड म्हणजे निघा. तीन खुणा ठेवल्यात तर तिसरीचा अर्थ कोणालाच आठवत नाही. ऐकू न येणारे, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया यांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावासमोर दोन तरण्या माणसांची नावं. दोन यासाठी की एक मुंबईला असतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तो भिंतीवर रंगवा.

झिम्माड
अवांतर: तालमीच्या दिवशी फोटोसाठी साहेब येईपर्यंत अखंड भोंगा वाजवू नये. दरड परवडली.

रानफूल
=)) आणि कायमच्या पुनर्वसनाचं काय? हे सगळं मलमपट्टी नाही का?

मुरूम
आहे. पण पुनर्वसनाला वर्षं जातात. माळीणचं नवं गाव आमडे इथे एप्रिल 2017 मध्ये उभं राहिलं, दरडीनंतर पावणेतीन वर्षांनी, आणि ते अख्ख्या राज्याचं लक्ष असलेलं प्रकरण. पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांना आणि भरावांना भेगा गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. नवी जागा मिळाली तरी कापून-भरून सपाट केलेली असेल तर वरची सगळी तपासणी तिलाही लागू. तुमची वाडी अजून शाबूत आहे, म्हणजे रांगेत शेवटची. मोजलेली माती, भेगांची वही, पावसाची वही हे जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करा. नुसत्या "धोका आहे" अर्जापेक्षा मोजमापांच्या वहीला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

उतारा_सात_बारा
कागदांचंही आत्ताच करून ठेवा. प्रत्येक घराचा नमुना 8 चा उतारा आणि घराचे चारी बाजूंचे फोटो, जागा-तारखेसह. घरच गेलं तर पंचनाम्याला आधार काय? 2022 च्या केंद्रीय निकषांत मृताच्या वारसांना 4 लाख, डोंगराळ भागातलं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 30 हजार. अल्पभूधारकाच्या शेतात गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी 18 हजार, जमीनच दरडीने गेली तर हेक्टरी 47 हजार. घर वडिलांच्या नावावर आणि वारसनोंद नाही, इथे बहुतेक प्रकरणं अडकतात. वारसनोंदी मेमध्ये करा.

शिवार
ग्रामपंचायतीला खर्च कुठून, हे राहिलंच. पाईप, सळया, टेप, कागद, दोन भोंगे, लाल रंग. वित्त आयोगाच्या अबंधित निधीत बसेल. भिंत आणि मोऱ्या त्यात बसणार नाहीत, त्यांची मागणी वेगळी करा, नाहीतर भिंतीच्या मंजुरीची वाट बघत पाईपही येणार नाही.

पागोळी
सगळ्यांचे आभार. ठरावाचा मसुदा असा बसवलाय:

(1) मेअखेर मातीची जाडी, उतार आणि भेगांची पाहणी, नकाशा शाळेच्या भिंतीवर. (2) पर्जन्यमापक दोन, वाडीत आणि माथ्याखाली. नोंद अंगणवाडी सेविका आणि एक पर्यायी व्यक्ती, मानधन ग्रामपंचायतीकडून. (3) मंडळाच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून दोन आकडे. (4) निर्णय पोलीस पाटील घेतील, दुपारी 4 ला. खुणा दिसल्या तर कोणीही भोंगा वाजवावा, विचारत बसू नये. (5) निवारा: पलीकडची शाळा चार खोल्या, समाजमंदिर आणि दोन पडव्या. साकव गेला तर वरचा कातळ. (6) शाळेची चावी मुख्याध्यापकांकडे.

खाचर
मुख्याध्यापक राहतात कुठे?

पागोळी
महाडला.

खाचर
सावित्रीला पूर आला की महाडच पाण्यात असतं. दुसरी चावी साकवापलीकडच्या पहिल्या घरात ठेवा. आणि पोलीस पाटील बाहेरगावी असले तर निर्णय कोणाचा, तेही नावासकट लिहा.

पागोळी
(4) आणि (6) बदलले. पोलीस पाटील नसतील तर सरपंच, तेही नसतील तर पावसाची नोंद ठेवणारी व्यक्ती. दोन चाव्या करून घेतोय. कापलेलं टोक वर, हेही (2) मध्ये घातलंय.